छत्तिसाव्या आठवड्यातलं पायाळू बाळ: पोटावरून फिरवणं किती सुरक्षित?

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. गोव्यातल्या प्रसूती विभागांत पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रश्न एकाच बाळंतपणात गोवून मांडले आहेत. अभ्यासांचे म्हणून जे आकडे दिले आहेत, ते मात्र खरोखरच्या अभ्यासांतले आहेत.

काय होतं

वय २७, दुसरं बाळंतपण. घर सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढे, म्हादई नदीच्या पलीकडे. पहिली मुलगी चार वर्षांची, नैसर्गिक बाळंतपणाने झालेली, जन्माचं वजन २.९ किलो. या खेपेला रक्तदाब आणि साखर ठीक, हिमोग्लोबिन १०.८, आईचं वजन ५८ किलो. रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध निगेटिव्ह आईच्या अंगात प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्यात दिलेलं.

३६ आठवडे २ दिवस झाले तेव्हा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या हाताला बरगडीखाली एक गोल, कडक गोळा लागला. बोटांनी हलकेच ढकलल्यावर तो आतल्या आत डचमळला. खाली ओटीपोटाशी जे लागत होतं ते मऊ, रुंद आणि कडा नसलेलं. ठोके बेंबीच्या वर ऐकू येत होते. मागच्या महिन्याच्या कार्डावर मात्र ‘डोकं खाली’ असं लिहिलेलं.

तेव्हा ते खरंच खाली असेल, आधीची नोंद उतरवली गेली असेल किंवा हात फसला असेल. हात फसतो, हे मान्य करायला हवं. २००६ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,६३३ बायकांची पोटं आधी हाताने आणि मग सोनोग्राफीने तपासली. डोकं खाली नसलेल्या बाळांपैकी सुमारे ७०% हाताला कळली, दहातली तीन निसटली. कुल्ले खाली बसलेले आणि पाय सरळ वर ताणलेले असले की बाळाचा खालचा भाग कडक आणि गोल लागतो, थेट डोक्यासारखा. म्हणून हातासोबत एक साधा प्रश्नही विचारावा: ‘लाथा कुठे लागतात?’ लघवीच्या पिशवीवर लाथा बसतात आणि जेवल्यावर बरगडीखाली काहीतरी टोचतं, असं बाई सांगू लागली की हाताला काहीही लागलेलं असो, सोनोग्राफीला पाठवावं. या बाईने विचारण्याआधीच ते सांगितलं होतं, त्या दिवशी आणि मागच्या खेपेलाही.

घरातलं बोलणं

सासूबाईंच्या मते यात काळजीचं काही नव्हतं. त्यांच्या वेळी वयजीण, म्हणजे सुईण, खोबरेल लावून, पोट चोळून बाळ फिरवायची. शिवाय पायाळू माणसाचा गावाला उपयोगच असतो: उसण भरली की त्याने पाठीला पाय लावायचा, जमिनीतलं धन त्याला दिसतं. विजेपासून तेवढं त्याला सांभाळायचं. या समजुतींनी कुणाचं बिघडत नाही. पोट चोळण्याने मात्र बिघडू शकतं, त्यामुळे बाईला न रागावता विचारलं की या आठवड्यात कुणी पोटाला तेल लावून दाब दिला का. नाही म्हणाली. ‘हो’ म्हणाली असती तर त्याच दिवशी ठोक्यांचा आलेख काढावा लागला असता. तिच्या निगेटिव्ह रक्तगटामुळे अँटी-डीचा विचारही लगेच करावा लागला असता.

वयजिणीचा हात आणि डॉक्टरांचा हात जवळपास एकच हालचाल करतात. वयजिणीला वार (प्लॅसेंटा) कुठे आहे ते दिसत नसे, मधे ठोके मोजता येत नसत, आणि ठोके पडलेच तर शेजारी ऑपरेशन थिएटर नसे. फिरवण्याच्या सुरक्षिततेचे जे आकडे पुढे येतील, ते या तीन गोष्टी असलेल्या खोलीतले आहेत. त्या खोलीबाहेर ते लागू नाहीत.

नवऱ्याचा मुद्दा वेगळा होता. सिझरच करा, म्हणजे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही एका फटक्यात उरकेल. असं बरीच घरं म्हणतात, आणि ते हसण्यावारी नेऊ नये, कारण हिशेब चुकीचा नाही. फक्त दुसरी बाजू सांगावी लागते: नैसर्गिक बाळंतपणानंतरही सात दिवसांच्या आत, बेंबीखाली लहानसा छेद देऊन तेच ऑपरेशन होतं. आणि ‘आता मूल नको’ हा निर्णय नववा महिना भरलेल्या बाईकडून घाईत घेऊ नये. पुढे मन बदललं, तर गर्भाशयावरचा व्रण पुढच्या प्रत्येक गर्भारपणात सोबत येतो. त्या व्रणावर वार चिकटली तर कधी कधी सुटता सुटत नाही.

तीन वाटा

छत्तिसाव्या आठवड्यात पायाळू सापडलेल्या बाळासाठी वाटा तीनच: पोटावरून हाताने दाब देत डोकं खाली येईल असं फिरवून बघणं, ३९व्या आठवड्यात ठरवून सिझर, किंवा पायाळूच नैसर्गिक बाळंतपण.

तिसरी वाट आता अरुंद झाली आहे. २००० साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २६ देशांतल्या २,०८८ बायकांपैकी ठरवून सिझर झालेल्यांत बाळ दगावण्याचं किंवा गंभीर इजेचं प्रमाण १.६% होतं, नैसर्गिक बाळंतपण ठरवलेल्यांत ५%. दोन वर्षांनी मुलं पुन्हा तपासली तेव्हा मृत्यू आणि वाढीतल्या अडचणी मिळून दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. पण तोवर जगभर सिझरचा शिरस्ता पडला होता आणि पायाळू बाळ हाताने सोडवण्याचं कसब नव्या डॉक्टरांच्या हातून जात चाललं होतं. गोव्यात तर २०१९–२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार दहापैकी जवळपास चार बाळंतपणं सिझरने होतात. अशा ठिकाणी सिझरची वाट सर्वांत सोपी वाटते, आणि बाळ फिरवण्याचा विषय निघतच नाही. इथे तो काढला.

सत्तरीसारख्या भागात आणखी एक गणित आहे. ३९व्या आठवड्याच्या सिझरची तारीख ठरली, तरी कळा ३८व्या आठवड्यात सुरू होऊ शकतात. पावसाळ्याचे दिवस, रात्रीची वेळ, रस्त्यावर झाड पडलेलं, आणि १०८ मध्ये पायाळू बाळ: खरी भीती ही आहे. डोकं खाली असलेलं दुसरं मूल वाटेत जन्मलं तरी बहुतेक वेळा निभावतं. पायाळू बाळाचं अंग बाहेर येऊन डोकं आत अडकलं, तर हाताशी काहीच मिनिटं असतात.

फिरवायला हे पोट योग्य आहे का?

सोनोग्राफीत दिसलं ते असं. बाळ मांडी घातल्यासारखं बसलेलं, गुडघे दुमडलेले. वार गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर, गर्भाशयाच्या तोंडापासून दूर. बाळाभोवतीच्या पाण्याचा निर्देशांक १२, म्हणजे पुरेसं. अंदाजे वजन २.७ किलो. डोकं छातीकडे झुकलेलं, मागे ताणलेलं नाही. गळ्याभोवती नाळ दिसली नाही. पाठ आईच्या उजव्या अंगाला. कुल्ले अजून खाली रुतलेले नाहीत.

याहून सोयीचं पोट क्वचित मिळतं. पहिलटकरणीत फिरवणं साधारण ४०% वेळा जमतं, आधी बाळंत झालेल्यांत ६०%. मागची वार, पुरेसं पाणी, सैल पोट, हाताला लागणारं डोकं, वर राहिलेले कुल्ले यांनी शक्यता वाढते. वार पुढच्या भिंतीवर असली, पाय सरळ ताणलेले असले, पाणी कमी असलं, की ती घटते.

जमेल का, हा एक प्रश्न. करावं का, हा दुसरा, आणि त्याची यादी वेगळी आहे. वार तोंडावर असेल, गेल्या सात दिवसांत रक्तस्राव झाला असेल, पाणमोट फुटली असेल, ठोक्यांचा आलेख बिघडलेला असेल, रक्तदाबाचा गंभीर विकार असेल, गर्भाशयाची घडण फार वेगळी असेल, किंवा दुसऱ्या कारणाने सिझर करावंच लागणार असेल, तर हात लावू नये. पोटात जुळी असतानाही नाही. आधीचं एक सिझर ही मात्र आता सक्त मनाई मानली जात नाही. उपलब्ध अभ्यासांत अशा बायकांमध्ये धोका वाढलेला दिसलेला नाही, तरी त्या पोटावर अनुभवी हातच असावा.

‘बत्तिसाव्या आठवड्यातच का नाही फिरवलं?’ असं घरचे विचारतात. तेव्हा बाळ लहान, पाणी भरपूर, काम सोपं. पण तेव्हाची बहुतेक पायाळू बाळं आपणहून फिरतात. शिवाय काही बिघडलंच तर पदरात अपुऱ्या दिवसांचं बाळ येतं. ३४–३५व्या आठवड्यात फिरवून पाहणाऱ्या मोठ्या चाचणीत पायाळू बाळं थोडी कमी झाली, सिझर मात्र कमी झाले नाहीत. म्हणून रिवाज असा: पहिलटकरीण असेल तर ३६ आठवड्यांनंतर, दुसरेपण असेल तर ३७ नंतर. या बाईला ३७ आठवडे १ दिवसाची तारीख दिली.

मधल्या दिवसांत गुडघ्यावर ओणवं राहून बघावं का, असंही विचारलं गेलं. त्याने बाळ फिरतं याला पुरेसा पुरावा नाही. करायला हरकत नाही, पण त्यासाठी तारीख पुढे ढकलायची नाही.

संमतीच्या वेळी दिलेले आकडे

‘काही धोका नाही’ हे वाक्य वापरायचं नाही, आणि ‘धोका असतो’ एवढंच सांगूनही भागत नाही. बाईसमोर ठेवलं ते असं: दोनशे जणींची बाळं फिरवायचा प्रयत्न केला, तर साधारण एकीला चोवीस तासांच्या आत तातडीचं सिझर लागतं. २००४ साली ४४ अभ्यासांतल्या ७,३७७ बायकांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात ठोके तात्पुरते बिघडण्याचं प्रमाण ५.७%, अंगावरून रक्त जाण्याचं ०.४७%, वार सुटण्याचं ०.१२% आणि तातडीच्या सिझरचं ०.४३% आढळलं. फिरलेलं बाळ पुन्हा उलटण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी. आणखी एक गोष्ट बहुतेक जण सांगायची विसरतात: फिरवलेल्या बाळाच्या बाळंतपणात सिझर लागण्याचं प्रमाण मुळातच डोकं खाली असलेल्या बाळांपेक्षा जास्त, जवळपास दुप्पट राहतं. फिरवणं म्हणजे नैसर्गिक बाळंतपणाची हमी नव्हे.

दुखतं का? हो, काहींना बरंच. ‘थांबा’ म्हटलं की हात उचलायचे, हे आधीच ठरवलं.

त्या दिवशी

जागा मोठ्या इस्पितळातली प्रसूती खोली, थिएटर त्याच मजल्यावर, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ आवारात. सिझरसारखी पूर्ण तयारी करायची गरज नसते. काही ठिकाणी सहा तास उपाशी ठेवतात, पण दोनशेत एकीसाठी बाकीच्या सगळ्यांना उपाशी ठेवण्यात फारसा अर्थ नाही. इथे सकाळी हलकी पेज चालेल असं सांगितलं होतं. खोलीतलं सोनोग्राफी यंत्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदीच्या) कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं आणि त्याच कायद्याचा फॉर्म एफ भरावा लागतो. यंत्र दाराशी आलं आणि कागद सापडेना, म्हणून अर्धा तास जाऊ नये. तेवढ्यात गर्भाशय सैल करणाऱ्या औषधाचा असर ओसरतो.

आधी पुन्हा सोनोग्राफी केली, कारण आठवड्याभरात बाळ आपणहून फिरलेलं असू शकतं. नव्हतं फिरलं. वीस मिनिटांचा ठोक्यांचा आलेख निघाला: मूळ गती १४०, चांगले चढउतार. मग गर्भाशय सैल पडावं म्हणून टर्ब्युटालिन ०.२५ मिलिग्रॅम त्वचेखाली दिलं. हृदयविकार असेल तर हे द्यायचं नाही. पंधरा मिनिटांत आईची नाडी ११२ झाली, हात थरथरू लागले. असं होणार हे आधी सांगितलेलं असलं की बाई घाबरत नाही, आणि न घाबरलेल्या बाईचं पोट ताठरत नाही.

लघवी करून आल्यावर तिला उताणं झोपवलं. पायाकडची बाजू किंचित उंच आणि उजव्या कुल्ल्याखाली उशी, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. गुडघे दुमडलेले, पोटावर भरपूर जेल.

पहिलं काम फिरवण्याचं नसतं, कुल्ले उचलण्याचं असतं. दोन्ही हातांची बोटं ओटीपोटाच्या हाडामागे उतरवून बाळाचा खालचा भाग वर आणि एका बाजूला सरकवायचा. हे जमलं नाही तर पुढचं सगळं वाया जातं. घाईत नेमकं हेच सुटतं, आणि डोक्यावर जोर दिला जातो. जोर कुल्ल्यांवर द्यायचा, डोक्याला नुसती वाट दाखवायची. बाळाने कोलांटी उडी पुढे मारायची, म्हणजे हनुवटी छातीला टेकलेली राहते. पाठ आईच्या उजवीकडे असल्याने कुल्ले उजवीकडून वर आणि डोकं डावीकडून खाली. दाब सलग आणि स्थिर हवा, धक्के नकोत.

चार मिनिटांत बाळ आडवं झालं आणि तिथेच अडलं. हात सैल करताच पुन्हा होतं तसं बसलं. ठोके तपासले: १४४. तीन मिनिटं विश्रांती.

दुसऱ्या खेपेला उलट दिशा, मागची कोलांटी. दोन मिनिटांत मध्य ओलांडला आणि उरलेला पल्ला बाळाने स्वतःच पार केला. हाताखाली ते सरकन् घसरलेलं कळतं. सोनोग्राफीत डोकं खाली. त्याच पडद्यावर ठोके ८५.

ठोके पडले तेव्हा

दाबामुळे वारेकडचा रक्तपुरवठा थोडा वेळ घटतो, डोकं दाबलं गेल्याने हृदयाची गती प्रतिक्षिप्तपणे मंदावते, कधी नाळ चेपते. बहुतेक वेळा काही मिनिटांत सावरतं. पण ‘बहुतेक वेळा’वर विसंबून उभं राहायचं नसतं, घड्याळ लावायचं असतं. तीन मिनिटांत सावरलं नाही तर थिएटरला आणि भूलतज्ज्ञाला कळवायचं, सहाव्या मिनिटाला बाईला हलवायचं, नवव्याला छेदाची तयारी पूर्ण, आणि बारा ते पंधरा मिनिटांत बाळ बाहेर. ठोके पडले तेव्हा बाळ अर्ध्यावर असतं, तर हात थांबवून, जिकडे सहज जाईल तिकडे, बहुधा मूळ जागीच, त्याला परतवलं असतं.

इथे हात उचलले, बाईला डाव्या कुशीवर वळवलं, वेळ मोठ्याने सांगायला एक सिस्टर ठेवली. दुसऱ्या मिनिटाला ९०. तिसऱ्याला ९८, थिएटरला निरोप गेला. चौथ्याला १२०. पाचव्याला १३८. निरोप वाया गेला असं कुणी म्हणू नये. चौथ्या मिनिटाला काय होणार, हे तिसऱ्या मिनिटाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

नंतर चाळीस मिनिटांचा आलेख नीट आला. अंगावरून रक्त नाही, पोट मऊ. हातांचा एकूण वेळ सहा मिनिटं. वरची मर्यादा साधारण दहा मिनिटं आणि चार प्रयत्न अशी धरतात. तिसऱ्या प्रयत्नाला लागलो की हाताचा जोर नकळत वाढतो, ती मर्यादा त्यासाठीच. पाठीच्या कण्यातली भूल दिली तर यश वाढतं, पण ती सरसकट देत नाहीत. पहिल्या खेपेला आईचं दुखणं ही एक इशाऱ्याची घंटाच असते.

अँटी-डी आणि घरी जाणं

‘अठ्ठाविसाव्या आठवड्यात दिलंय ना?’ हा प्रश्न इथेही आला, आणि नेहमीची चूक याच जागी होते. त्या मात्रेला नऊ आठवडे झाले होते. तिचा अर्धा अंश साधारण तीन आठवड्यांत संपतो. फिरवताना बाळाचं रक्त आईत मिसळू शकतं. वरच्या आढाव्यात ते ३.७% जणींत आढळलं. फिरवणं जमलं असो वा नसो, ७२ तासांच्या आत पुन्हा द्यायचं. ३०० मायक्रोग्रॅम स्नायूत दिलं, तेही बाई इस्पितळातून निघण्याआधी. ‘परवा केंद्रात घ्या’ म्हटलं की ते राहतं. ही मात्रा बाळाच्या ३० मिलिलिटर रक्तापर्यंत पुरते.

सर्वसाधारणपणे दोन तासांनी घरी सोडता येतं. ही बाई रात्रभर राहिली. तसा कुठला नियम नाही. पण बाहेर जून, आणि वाळपईहून उसगाव, फोंडा, बाणस्तारी करत परत यायला सव्वा तास. निघताना सांगितलं ते चारच: रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट कडक होऊन सैल पडेना, किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर वाट न बघता १०८. पोट पट्ट्याने बांधून ठेवायची गरज नाही.

जमलं नसतं तर? ३९व्या आठवड्याची तारीख, आणि टेबलावर घेण्याआधी शेवटची सोनोग्राफी. शेवटच्या आठवड्यातही एखादं बाळ फिरतं, आणि ते न बघता छेद दिल्यास उत्तर देणं कठीण.

पुढे

३८व्या आठवड्यात डोकं खालीच होतं. लगेच कळा आणण्याचं काही कारण नव्हतं. ३९ आठवडे ४ दिवसांनी कळा आपणहून सुरू झाल्या, नैसर्गिक बाळंतपण, मुलगा, ३.०५ किलो. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला, म्हणून आईला पुन्हा अँटी-डी. बाळंतपणात तिसऱ्यांदा तेच इंजेक्शन बघून घरचे वैतागले, पण तिन्ही मात्रांची कारणं वेगळी आहेत आणि कुठलीही एक दुसरीचं काम करत नाही. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं.

एक काम मात्र सहज सुटलं असतं. पायाळू स्थितीत वाढलेल्या बाळाच्या खुब्याचा सांधा उथळ राहण्याची शक्यता जास्त असते, आणि बाळ नंतर फिरवलं म्हणून ती पुसली जात नाही. जन्मल्यावर खुबे हाताने तपासायचे आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी. दरम्यान पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधायचे नाहीत. आजीचा हात नेमका तिकडेच जातो. गुंडाळायचं तर छाती-हात गुंडाळावेत, मांड्या बेडकासारख्या मोकळ्या राहू द्याव्यात. पुढे मान धरल्यावर कडेवर घेणं तर उत्तमच, त्यात मांड्या फाकलेल्या राहतात.

यासाठी बाळाच्या कार्डावर लाल शाईने लिहून दिलं: ‘३६ आठवड्यांनंतर पायाळू होतं, ३७व्या आठवड्यात पोटावरून फिरवलं.’ नाहीतर सहा आठवड्यांनी कार्ड हातात घेणाऱ्या डॉक्टरला ‘डोक्याकडून, नैसर्गिक’ एवढंच दिसतं, आणि खुब्याची सोनोग्राफी सांगण्याचं त्याला काही कारण उरत नाही.